बंद न होणारा संगणक

कोषालयात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या मनात 'बंद करणे' या क्रियेविषयी एक निराळाच आदर असतो. सायंकाळी रोकडवहीची मिळवणी करायची, एका पैशाचा फरक आला तरी सर्वांनी बसून तो शोधायचा आणि मग स्ट्राँग रूमला दुहेरी कुलूप लावायचे. एक किल्ली कोषालय अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे हजर असल्यावाचून ते दार उघडत नाही आणि दोघे हजर असल्यावाचून बंदही होत नाही. ३१ मार्चच्या रात्री तर आमचे कार्यालय मध्यरात्रीपर्यंत जागे असे. आम्ही १९८४ साली मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत रुजू झालो आणि ३१ जुलै २०२० रोजी निवृत्त झालो. वर्ष करोनाचे, निरोपसमारंभ म्हणजे तोंडाला मुखपट्टी बांधलेले सहा जण, एक श्रीफळ आणि चार हात दूर उभे राहून केलेले नमस्कार. तथापि जाताना किल्ली रीतसर सोपवली आणि तिची पावती घेतली. ती पावती आजही आमच्या कपाटात आहे.

अशा माणसाच्या घरातला संगणक 'बंद हो' म्हटल्यावर बंद न होता पुन्हा सुरू होऊ लागला, तर त्याला तो स्वतःचा अवमान वाटतो, हे सुज्ञ वाचक समजून घेतील.

ही गोष्ट डिसेंबर २०२४ मधली. रात्री साडेनवाला आम्ही 'शट डाउन'वर टिचकी मारावी, पडद्यावर 'बंद होत आहे' या अर्थाची इंग्रजी अक्षरे उमटावीत, गोल फिरणारे ठिपके दिसू लागावेत, आम्ही उठून पानावर जाऊन बसावे आणि हात धुऊन परत यावे, तो महाशय पुन्हा सुरू होऊन पासवर्ड मागत ताटकळलेले! पुन्हा बंद करावे, पुन्हा तेच. सौ. दोन-तीन दिवस हा प्रकार पाहत होती. शेवटी म्हणाली, "तुमच्याच वळणावर गेलाय. त्यालाही निवृत्त व्हायचं नाहीये."

पहिले आठ दिवस आम्ही जो उपाय केला, तो सांगायला संकोच वाटतो. डब्याच्या दर्शनी भागावरचे बटण बोटाने दाबून धरायचे. चार सेकंद दाबून धरले की यंत्राचा वीजपुरवठा सक्तीने तुटतो. तशी सोयच संगणकांत केलेली असते. पण ही सोय म्हणजे रोकडवही उघडी टाकून दिवा मालवण्यासारखे आहे. जे काही स्मरणात असून तबकडीवर लिहायचे राहिले असेल, ते गेलेच. आणि लिहिता लिहिता वीज गेली तर लिहिलेलेही बिघडते. हे ठाऊक असूनही आम्ही रोज रात्री ते बटण दाबत होतो आणि रोज रात्री मनाला टोचणी लागत होती.

टोचणीला कारण होते. हा संगणक आम्ही २०१३ मध्ये मुलीच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आर.एन.टी. मार्गावरच्या बाजारातून जुळवून आणला. ती शिकून, नोकरीला लागून, लग्न होऊन पुण्याला गेली. संगणक इंदुरातच राहिला. आमच्या तीर्थरूपांनी १९४५ साली होळकर संस्थानच्या नोकरीत पाऊल टाकले. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्यभारत मध्यप्रदेशात गेला. तीन राजवटी त्यांनी एकाच टेबलाशी बसून पाहिल्या आणि जे पाहिले ते चौदा वह्यांत लिहून ठेवले. शेवटची नोंद १९८४ मध्ये राजवाडा जळला त्या आठवड्यातली आहे. या वह्या उतरवून घेण्याचे काम घरात कोणी केले असेल, तर ते त्यांच्या सुनेने, म्हणजे आमच्या सौ.ने. चार वर्षे, रोज दुपारी, जेवणानंतर एक तास. तीनशे बारा पाने तिने कृतिदेवमध्ये टंकित केली, कारण आमच्या कार्यालयात तेच वापरले जाई आणि तिला शिकवणारे आम्हीच.

कृतिदेवची गंमत अशी, की पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी यंत्राच्या पोटात रोमन अक्षरेच साठवलेली असतात. फॉन्ट जागेवर असेल तर 'राजवाडा' दिसतो. फॉन्ट काढून घेतला की त्याच जागी रोमन मुळाक्षरांचा कचरा. युनिकोडचा जमाना येऊन किती वर्षे झाली, हे आम्हांस ठाऊक होते. पण 'उद्या रूपांतर करू' म्हणता म्हणता उद्या उजाडला नव्हता. थोडक्यात, आमच्या वडिलांची चौदा वर्षांपूर्वी विझलेली वाणी त्या एका डब्यात, एका फॉन्टच्या भरवशावर होती आणि आम्ही रोज त्याचा गळा दाबत होतो.

दुरुस्तीवाल्याने डबा उघडूनही पाहिला नाही. "साहब, फॉरमॅट मार देते हैं, नया हो जाएगा," एवढेच म्हणाला. नवा होण्यात त्याला काही गैर वाटत नव्हते. आम्ही डबा उचलला आणि रिक्षाने परत आलो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, टाकून द्या ना तो. मी लॅपटॉप पाठवते." तिचे प्रेम खरे, पण 'टाकून द्या' हे तिचे प्रत्येक जुन्या वस्तूवरचे औषध आहे. तिच्या आईच्या पाट्या-वरवंट्यालाही तिने तेच सुचवले होते.

त्या रात्री आम्ही एक नवी नस्ती उघडली. शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर 'विषय : संगणक बंद न होणेबाबत' असे लिहिले आणि रकाने आखले : दिनांक, काय बदलले, बंद करण्याची वेळ, परिणाम, शेरा. सौ. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हसत होती. अलीकडे ती तिथे बरेचदा बसे. "जरा टेकते" म्हणे.

नस्तीतली पहिली नोंद दुरुस्तीची नाही, खबरदारीची आहे. दोन पेनड्राइव्ह आणून दोहोंवर वह्यांच्या सर्व फाइली उतरवल्या आणि फॉन्टची फाइलही बरोबर घेतली. फाइली घेऊन फॉन्ट मागे ठेवणे म्हणजे तिजोरी नेऊन किल्ली विसरणे. एक पेनड्राइव्ह आमच्या कपाटात ठेवला, दुसरा शेजारी ठेवायला दिला. दुहेरी कुलपाची सवय काही सुटत नाही. हे काम झाल्यावर मात्र मनावरचा निम्मा भार उतरला आणि मग आम्ही यंत्राकडे शत्रू म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहू लागलो.

आता 'बंद' म्हणजे काय, हाच मुळात प्रश्न. आमच्या कार्यालयात पहिले संगणक आले तेव्हा बंद करण्याचे काम दोघे मिळून करीत. 'विंडोज ९५' आपली आवराआवर करून 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाची पाटी दाखवी आणि मग माणसाने हाताने खटका पाडायचा. तो खटका खरा खटका होता. तो पाडला की वीज तुटे. पुढे १९९५ मध्ये एटीएक्स नावाची नवी रचना आली. तीत पुढचे बटण हे खटका राहिले नाही, नुसती घंटी झाले. घंटी वाजली की मुख्य पाटीने वीजपेटीला सांगायचे, आता थांब. १९९६ च्या डिसेंबरात तीन कंपन्यांनी मिळून एसीपीआय नावाचे नियम ठरवले आणि खटका पाडण्याचा अधिकार माणसाकडून काढून प्रणालीकडे सोपवला. तेव्हापासून बंद असलेल्या संगणकातही पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह जागा असतो, घंटी ऐकण्यासाठी. भिंतीवरचे बटण बंद केल्याखेरीज तो झोपत नाही.

प्रणाली हे बंद करण्याचे काम कसे करते, हे वाचताना तर आम्हांस आमचे कार्यालयच आठवले. आधी ती उघड्या कार्यक्रमांना सांगते, आवरा. मग पडद्यामागे काम करणाऱ्या सेवांना. मग स्मरणातले सर्व काही तबकडीवर उतरवते. मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्या उपकरणाच्या बाबूला, विचारते : तुझे झाले का? प्रत्येकाने 'झाले' म्हणायचे. शेवटच्या बाबूने होकार दिल्यावरच ती वीज तोडते. एखादा बाबू उत्तरच देईना, तर दुहेरी कुलपाच्या दाराशी सारे खोळंबतात.

नस्तीत एक नियम आम्ही स्वतःवर घालून घेतला होता : एका वेळी एकच बदल. लेखापरीक्षणात हेच शिकलो. चार नोंदी एकदम खोडल्या तर फरक कोणत्या नोंदीने गेला ते कळत नाही, आणि महिन्याने तोच फरक दुसऱ्या दाराने परत येतो.

पहिला संशय 'फास्ट स्टार्टअप'वर होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेली ही सोय. यात 'शट डाउन' म्हटले तरी प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो आहे तसा तबकडीवरच्या एका फाइलीत गुंडाळून ठेवला जातो, सकाळी लवकर उलगडता यावा म्हणून. 'रिस्टार्ट' म्हटले तर मात्र सारे मुळापासून बंद होऊन पुन्हा उभे राहते. म्हणजे पुन्हा सुरू करणे हेच अधिक खरे बंद करणे ठरले! शासकीय परिपत्रकांत अशी वाक्ये आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. या सोयीमुळे काही यंत्रे बंद होताना अडखळतात, असे समजल्यावरून आधी शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' केले. तसे केल्यास त्या एका वेळेपुरते संपूर्ण बंद होते. परिणाम : नाही. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती सोयच काढून टाकली. परिणाम : नाही. शेरा : पुढे चला.

दुसरा संशय बाहेरून कोणी जागे करण्याचा. नेटवर्कच्या तारेवरून, कळफलकाच्या स्पर्शाने, उंदराच्या हालचालीनेही संगणक जागा होऊ शकतो; तशी परवानगी दिलेली असली तर. पण इथे आम्हांस एक साधी गोष्ट सुचली, जी पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते, की बंदच होत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत. पंखा थांबून, दिवा विझून, मग पुन्हा सुरू होत असेल तर कोणीतरी जागे करीत आहे. पंखा थांबतच नसेल तर बंद होण्याच्या वाटेतच काही बिनसते आहे. आणि याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. कारण इतक्या दिवसांत आम्ही एकदाही तिथे बसून पाहिले नव्हते. टिचकी मारायची आणि जेवायला जायचे.

म्हणून एका रात्री मनगटी घड्याळ घेऊन बसलो. पान थंड झाले. ठिपके फिरत राहिले. एक मिनिट, तीन मिनिटे, पाच मिनिटे. आठव्या मिनिटानंतर पडदा क्षणभर निळा झाला, त्यावर काही अक्षरे चमकली, आणि वाचायच्या आत यंत्र नव्याने सुरू झाले. पंखा एकदाही थांबला नव्हता.

शेजारी एक मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला जिन्यात गाठून हे सांगितले, तर ती पायऱ्या उतरता उतरताच म्हणाली, "अंकल, ऑटोमॅटिकली रिस्टार्ट का टिक हटा दो. फिर वो रुकेगा." सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' या पानावर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' असा एक कप्पा आहे. त्यात एक चौकोन कारखान्यातून येतानाच बरोबरची खूण करून आलेला असतो. यंत्र कोसळले तर माणसाला त्रास न देता ते आपोआप पुन्हा सुरू करावे, अशी ती आज्ञा. कल्पना वाईट नाही. रात्री-अपरात्री एखादे यंत्र कोसळले तर सकाळपर्यंत पडून राहण्यापेक्षा उठून उभे राहिलेले बरे. पण त्याचा परिणाम असा, की ते कोसळले होते हेच कोणाला कळत नाही. दुखणे दिसायच्या आत ते नव्याने उभे राहते आणि काही झालेच नाही असा चेहरा करून पासवर्ड मागते.

आम्ही ती खूण काढली. त्या रात्री सौ.ही शेजारी येऊन बसली. पुन्हा आठ-नऊ मिनिटे ठिपके, आणि मग निळा पडदा आला तो तसाच राहिला. वर अपूर्णविराम आणि कंस यांचे बनवलेले एक रडवे तोंड, खाली मजकूर, आणि त्याखाली दुखण्याचे नाव : 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. म्हणजे कोण्या एका बाबूला 'आवर' म्हणून निरोप गेला आणि त्याने मुदतीत उत्तर दिले नाही. आम्हांस इतका आनंद झाला, की मिळवणीतला फरक सापडल्यावर होत असे तसा हात टेबलावर आपटला. सौ. त्या रडव्या तोंडाकडे पाहत राहिली. काही बोलली नाही.

कोणता बाबू, हे शोधायला फार वेळ लागला नाही. डब्याच्या मागे जोडलेल्या वस्तू एकेक काढून दर वेळी बंद करून पाहायचे, एवढेच काम. छापयंत्र काढले, फरक नाही. कॅमेरा काढला, फरक नाही. मग मागच्या बाजूला नखाएवढा एक काळा ठोकळा दिसला. वायफायचा. २०२० च्या टाळेबंदीत मुलीशी दृश्य-संभाषण करता यावे म्हणून आणलेला, आणि लावल्यावर विसरलेला. तो उपटून काढला आणि 'शट डाउन' म्हटले. चौदा सेकंदांत पंखा थांबला. त्या शांततेची सवय इतकी मोडली होती, की आम्ही दोघेही कान देऊन बसलो.

चार-साडेचार वर्षे मुकाट काम करणारा ठोकळा अचानक का रुसला, याचा शोध घेता असे निष्पन्न झाले, की दिवाळीत घरी आलेल्या एका पाहुण्यांनी नवा राउटर बसवताना मोठ्या आपुलकीने त्या ठोकळ्याचा ड्रायव्हरही 'अपडेट' करून दिला होता. पाहुण्यांचे आमच्याशी जे नाते आहे ते लक्षात घेता, नस्तीत त्यांचे नाव घेतलेले नाही. 'अज्ञात कारणाने बदल झाला' असा शेरा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' अशी कळ असते. ती दाबली की आधीचा बाबू पुन्हा खुर्चीवर येतो. ती दाबली, ठोकळा परत लावला, तीन रात्री तपासले. तिन्ही रात्री यंत्र निमूट बंद झाले.

इथे नस्ती बंद व्हायला हवी होती.

पण फरक सापडला तरी जुन्या नोंदी पाहण्याची खोड जात नाही. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक रोजवही असते. यंत्र कधी सुरू झाले, कोणाच्या आज्ञेने बंद झाले, कधी अनपेक्षितपणे बंद पडले, हे सारे तारीखवार, सेकंदासह तीत लिहिलेले असते. ६००८ क्रमांकाची नोंद म्हणजे मागचे बंद होणे अनपेक्षित होते. आमच्या बटण दाबण्याच्या आठही रात्री तिथे हजर होत्या. आम्ही चष्मा पुसून मोठ्याने वाचून दाखवत होतो. "बघ, हा इतके दिवस काही बोलला नाही, पण याच्या पोटात सगळं लिहिलेलं होतं."

सौ. स्टुलावर होती. म्हणाली, "मग माझ्याही पोटातलं लिहून घ्या एकदा."

आम्हांस वाटले, थट्टा. तिने हातातले फडके बाजूला ठेवले आणि सांगितले, की दिवाळीपासून चार वेळा तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला होता. दोनदा ओट्याशी, एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना, एकदा देवापुढे. चार-सहा सेकंद काही कळत नाही, मग जणू काही झालेच नाही असे सारे पूर्ववत. एकदा हातातले भांडे पडले होते. त्याचा आवाज आम्ही ऐकला होता आणि या खोलीतून "काय पडलं?" असे विचारलेही होते. "काही नाही, वाटी," असे उत्तर आले होते आणि आम्ही पुन्हा घड्याळाकडे पाहू लागलो होतो.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"लगेच बरं वाटायचं. काय सांगायचं?"

आम्ही नस्तीचे नवे पान काढले. रकाने तेच : दिनांक, काय करीत होती, वेळ, किती सेकंद, शेरा. तारखा तिला आठवत नव्हत्या. गच्चीवरचा दिवस चंपाषष्ठीचा, देवापुढचा गुरुवारचा, अशा खुणांवरून जुळवल्या. हात थरथरत होता म्हणून अक्षर वाईट आले आहे. आमचे अक्षर सहसा वाईट येत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काढलेला हृदयाचा आलेख स्वच्छ होता. आम्ही सुटकेचा श्वास टाकणार, तोच डॉक्टरांनी वहीचे ते पान मागून घेतले आणि दोनदा वाचले. म्हणाले, साधा आलेख दहा सेकंदांचाच असतो. त्या दहा सेकंदांत हृदय नीट चालले तर आलेख नीटच येणार. मग त्यांनी छातीला तारा चिकटवून कमरेला एक छोटे यंत्र बांधून दिले. होल्टर. ते चोवीस तास प्रत्येक ठोका टिपत राहते. सौ. ते बांधून घरी आली, पोळ्या केल्या, वह्यांतले अर्धे पान टंकित केले, झोपली. त्या चोवीस तासांत तिचे हृदय तीन वेळा थांबले होते. तीन सेकंदांहून मोठा विराम आला की डॉक्टर गंभीर होतात. तिचा सर्वांत मोठा विराम साडेचार सेकंदांचा निघाला आणि तो पहाटे, आम्ही शेजारी झोपेत असताना आलेला. ठोक्याची आज्ञा देणारी हृदयातली जी मूळ गाठ, ती मधूनच आज्ञा द्यायला विसरत होती.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, जानेवारी २०२५ मध्ये, तिला पेसमेकर बसवला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, चपट्या काडेपेटीएवढा. ते यंत्र उगीच ठोके देत नाही. हृदय आपले आपण चालत असले तर नुसते पाहत राहते आणि ठोका चुकला तरच स्वतः देते. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, म्हणून वरच्या फळीवरचे डबे आम्ही खाली आणले. त्या निमित्ताने कोणत्या डब्यात काय असते ते सदतीस वर्षांनी कळले. सौ.ने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता : संगणकाशी बसले तर चालेल का? चालेल, म्हणाले. आम्ही मात्र त्या पहाटेचे साडेचार सेकंद घड्याळावर मोजून पाहिले आहेत. एकदाच. पुन्हा मोजले नाहीत.

पहिल्या तपासणीला तंत्रज्ञाने तिच्या खांद्याजवळ एक चकती धरली आणि समोरच्या पडद्यावर रांगेने आकडे येऊ लागले. कधी, किती वेळा, किती टक्के ठोके यंत्राने दिले. सौ. मान वळवून वाचू लागली. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या त्याच्यासारखीच रोजवही आहे हो."

'विंडोज १०'ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आमचे यंत्र पुढच्या आवृत्तीला पेलणारे नाही. म्हणून काळा ठोकळा काढून खणात ठेवला. संगणक आता बाहेरच्या जगाशी बोलत नाही. त्याला एकच काम उरले आहे, ते म्हणजे वह्यांचे युनिकोड. रूपांतर करणारे साधन कृतिदेवची बहुतेक अक्षरे नीट ओळखते, पण रफारावर आणि ऱ्हस्व वेलांटीवर अडखळते. 'कार्यालय' दिसायला हवे तिथे भलतेच काही उमटते. म्हणून सौ. मूळ वही हातात घेऊन वाचते आणि आम्ही पडद्यावर दुरुस्त करतो. तीनशे बारांपैकी एकशे नव्वद पाने झाली. सध्या १९५६ चा नोव्हेंबर चालू आहे. राजधानी भोपाळला गेल्यामुळे वडील रागावले आहेत आणि तीन पाने रागावलेलेच आहेत.

रात्री साडेनवाला थांबतो. 'शट डाउन' म्हटल्यावर आता कोणी उठत नाही. दोघेही पंखा थांबेपर्यंत बसतो. आम्ही वहीत वेळ लिहितो. काल सतरा सेकंद लागले. "झाला बंद," सौ. म्हणते, "चला, पानं घेते."